डिस्प्ले येत नाही म्हणजे मदरबोर्ड गेला असं नव्हे

नागपुरात मे महिन्यात जुना डेस्कटॉप बंद पडला, तर आधी खोलीकडे बघा. कॅबिनेट कूलरच्या झोतात आहे का? धूळ आणि कूलरची ओली हवा मिळून रॅमच्या स्लॉटवर आणि प्रोसेसरच्या हीटसिंकवर, म्हणजे उष्णता ओढणाऱ्या धातूच्या ठोकळ्यावर, चिकट थर बसतो. कॅबिनेट तिथून हलवा, वायर काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून ठेवा आणि मगच झाकण उघडा. ब्लोअर व्हरांड्यात मारा. मारताना पंख्याची पाती बोटाने धरा, भन्नाट फिरली तर बेअरिंग जातं.

अजिबात चालू होत नाही. सॉकेट, एक्स्टेंशन बोर्ड आणि एसएमपीएसच्या (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) मागचं बटण आधी तपासा. निम्मे तंटे इथेच मिटतात. नाही मिटले, तर मल्टिमीटर घ्या. मशीन बंद पण वीज चालू असताना २४ पिनांच्या प्लगमधल्या जांभळ्या वायरवर ५ व्होल्ट आलेच पाहिजेत. नसतील तर एसएमपीएस गेला. असतील तर प्लग बोर्डवरून काढून हिरवी आणि काळी वायर तारेच्या तुकड्याने जोडा. पंखा फिरला एवढ्यावर समाधान मानू नका. पिवळीवर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५ आणि केशरीवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट हवेत. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका. वीज काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या आसपास व्होल्ट राहू शकतात. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही. ते आधी करून घ्या, नाहीतर नवा एसएमपीएस लावूनही त्या येतच राहतील. काही ब्रँडेड ऑफिस मशीनचा प्लग २४ पिनांचा नसतो, म्हणून सीताबर्डीच्या बाजारात जाताना जुना एसएमपीएस सोबत न्या.

पंखा फिरतो, पण स्क्रीन काळी. इथे घाई करू नका. रॅम काढा, सोनेरी पट्टी पांढऱ्या खोडरबरने दोन्ही बाजूंनी घासा, चुरा झटका. मग एकच स्टिक लावून प्रत्येक स्लॉटमध्ये पाहा. दोन्ही क्लिप ‘टक्’ करून बसल्या पाहिजेत. वेगळं ग्राफिक कार्ड असेल तर ते काढून केबल बोर्डच्या पोर्टला लावा. अजून काही नाही? सगळी रॅम काढून मशीन चालू करा. बोर्डला बझर असून बीप वाजली, तर बोर्ड आणि प्रोसेसर जिवंत आहेत, दोष बहुधा रॅमचा. बझर असूनही बीप नसेल तर बोर्डवर संशय घ्या. कपॅसिटरची डोकी फुगली आहेत का तेही पाहा.

याच वेळी बोर्डवरचा, तारीख-वेळ जपणारा सीआर २०३२ सेल मोजा. २.८ व्होल्टच्या खाली असेल तर बदला. तारीख मागे गेली की वेबसाइट उघडत नाहीत आणि बिचाऱ्या इंटरनेटवाल्याला बोलणी बसतात.

दहा-पंधरा मिनिटांनी बंद पडतो. हे उष्णतेचं काम. प्रोसेसर खोलीपेक्षा नेहमीच गरम असतो. प्रोसेसर आणि हीटसिंकमधली जानेवारीत धकून गेलेली सुकलेली पेस्ट ४५ अंशांत धकत नाही. जुनी पेस्ट पुसा, मसुराच्या दाण्याएवढी नवी लावा. इंटेलच्या प्रोसेसरवरच्या पंख्याच्या चार पिना समोरासमोर तिरक्या जोडीने दाबा. एक जरी अर्धवट राहिली तरी तक्रार जागच्या जागी.

चालू होतो, पण रांगतो. बहुधा हार्ड डिस्क. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्राममध्ये ०५ आणि सी५ या खराब जागा मोजणाऱ्या ओळींपुढचा आकडा वाढत असेल तर स्कॅन वगैरे करत बसू नका, आधी फाइल दुसरीकडे घ्या. मग एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क, लावा. जुन्या मशीनवर याइतका फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही.

आता खर्चाचा निर्णय. सेल, रॅम, एसएमपीएस, एसएसडी हे सुटे भाग आहेत, बदलायला हरकत नाही. एसएसडी तर पुढच्या मशीनलाही चालते. मात्र डीडीआर२ या जुन्या प्रकारच्या रॅमच्या मशीनवर नवा पैसा घालू नये. विंडोज १० चं नेहमीचं अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलं आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. आय५-४५७० म्हणजे चौथी पिढी, आय५-८४०० म्हणजे आठवी. चौथ्या पिढीच्या मशीनवर ८ जीबी रॅम आणि एसएसडी घालून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत सिस्टीम टाका. पत्रं, हिशेब, मुलांचा अभ्यास आरामात होतो.

बोर्डच गेला असेल तर थांबा. जुन्या प्रोसेसरच्या सॉकेटचे बिनब्रँडचे नवे बोर्ड मिळतात, पण दोन उन्हाळे काढतील याची खात्री नाही. तोच पैसा आठव्या पिढीच्या रिफर्बिश्ड (वापरलेल्या, तपासून-दुरुस्त करून विकलेल्या) मशीनकडे वळवा. दुरुस्तीचा आकडा तशा मशीनच्या निम्म्यावर गेला की नाही म्हणावं. डबा ई-कचरा घेणाऱ्याकडे देताना हार्ड डिस्क काढून घरीच ठेवा. फोटो आणि बँकेचे कागद तिच्यातच असतात.