दुपार ते मध्यरात्र: सिंगापूरचं चायनाटाऊन पायी कसं पाहावं

सिंगापूरला गेलेली बरीच मराठी मंडळी चायनाटाऊनला संध्याकाळी पोचतात, पॅगोडा स्ट्रीटवर चार भेटवस्तू घेतात आणि तासाभरात परत फिरतात. कृपा करून एवढ्यावर आटोपू नका. चालत सहज फिरता येईल एवढ्याशा भागात चिनी सागरदेवी, तमिळ मारीअम्मन, दर्गा, मशीद आणि आपले गणपतीबाप्पा असं सगळं आहे. क्रम मात्र सांभाळायला हवा. चिनी देवळं सहसा पाचच्या सुमाराला मिटतात, तर हिंदू मंदिरं दुपारी बंद राहून सहाला उघडतात. त्यामुळे तीनच्या सुमाराला सुरुवात करणं उत्तम. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे आणि पटकन काढता येणाऱ्या चपला घाला.

१. सुरुवात तेलोक आयर स्ट्रीटवरून करा

याच नावाच्या मेट्रो स्टेशनवर उतरा. आज भोवती टोलेजंग इमारती आहेत, पण १८८०च्या दशकात भराव पडेपर्यंत समुद्र या रस्त्यालाच लागून होता. जहाजातून उतरलेला माणूस आधी देवाचे आभार मानायचा, म्हणून इथे प्रार्थनास्थळांची रांगच उभी राहिली. थियान होक केंग हे होक्कियन (चीनच्या फुजियान प्रांतातून आलेल्या) लोकांनी बांधलेलं माझू या सागरदेवीचं देऊळ १८४२ साली पुरं झालं. छताखाली उभं राहून वर बघा: लाकडाचे सांधे खिळ्यांशिवाय एकमेकांत बसवलेले आहेत. दाराचा उंबरा मुद्दाम उंच ठेवलाय. त्यावर पाय न देता ओलांडून आत जा. आपल्या घरचीच शिस्त ही!

चार पावलांवर नागोर दर्गा आहे, १८३०च्या सुमाराचा. दक्षिण भारतातून आलेल्या चुलिया मुसलमानांनी तो तमिळनाडूतल्या नागोरचे सूफी संत शाहुल हमीद यांच्या स्मरणार्थ उभारला. घाई असेल तर बाकी काही गाळा, हा रस्ता गाळू नका.

२. पाचच्या आत बुद्ध दंत मंदिर गाठा

ॲन सियांगची टेकडी चढून साउथ ब्रिज रोडला उतरा. इथलं बुद्ध दंत मंदिर दिसतं जुनं, पण उघडलं २००७ साली. प्रवेश मोफत आहे. चौथ्या मजल्यावर सोन्याच्या स्तूपात दंतधातू, म्हणजे बुद्धाचा मानला जाणारा दात, ठेवलाय. तो पाहून गच्चीवरच्या ऑर्किडच्या बागेत जा, तिथलं मोठं प्रार्थनाचक्र फिरवा.

३. समोरच्या मॅक्सवेल फूड सेंटरमध्ये खा

आधी जागा धरा. टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं की ती जागा कुणीतरी धरलेली आहे असं समजा. तुम्हीही तसंच करा. इथला हायनानीज चिकन राइस प्रसिद्ध आहे: पाण्यात अलगद शिजवलेली कोंबडी, आल्याची आणि मिरचीची चटणी. शाकाहाऱ्यांनी 'नुसता भात द्या' असं म्हणून भागत नाही, कारण तो भातही कोंबडीच्या रश्शात शिजतो. साध्या परतलेल्या भाजीतही ऑयस्टर सॉस (कालवांचा) असू शकतो. त्यापेक्षा चिनी बौद्ध शाकाहारी जेवण शोधा. त्यात परंपरेने कांदा-लसूणही नसतो, म्हणजे जैन मंडळींचीही सोय होते, फक्त कंदमुळांचं आणि अंड्याचं विचारून घ्या. वर लिंबू पिळलेला उसाचा रस प्या. उठताना ट्रे जागेवर नेऊन ठेवा, २०२१पासून ते सक्तीचं आहे.

४. सहानंतर मारीअम्मन आणि गणपती

श्री मारीअम्मन हे सिंगापूरचं सर्वांत जुनं हिंदू मंदिर, साउथ ब्रिज रोडवरच. सिंगापूरला ब्रिटिश ठाणं वसवणाऱ्या रॅफल्सबरोबर १८१९ साली आलेल्या नारायण पिल्लै यांनी १८२७ मध्ये ते स्थापन केलं. गोपुराकडे थोडा वेळ नुसतं बघत राहा. दिवाळीच्या सुमारे आठवडाभर आधी इथे द्रौपदीच्या नावाने भक्त निखाऱ्यांवरून चालतात. सहल त्या सुमाराला असेल तर तारीख आधीच बघून ठेवा. त्याच रस्त्यावर जामे मशीद आहे. बाहेरून तिचे जोडमनोरे पाहून किओंग साइक रोडकडे वळा.

तिथे चेट्टियार या तमिळ सावकार-व्यापारी समाजाने १९२५ साली बांधलेलं सिद्धिविनायकाचं मंदिर आहे. हाच रस्ता एकेकाळी वेश्यावस्तीसाठी ओळखला जाई, आज तो बार आणि रेस्टॉरंटांनी भरलाय. अशा ठिकाणी गणपतीसमोर हात जोडताना मला या वस्तीचं मोठेपण सगळ्यात जास्त जाणवतं.

५. रात्र

जुन्या दुकानघरांतले (खाली दुकान, वर घर अशा इमारतींतले) बार पाहायचे तर किओंग साइक, नाहीतर ॲन सियांग हिल आणि क्लब स्ट्रीट. दारू महाग आहे. मेनूवर किमतीपुढे दोन अधिकचिन्हं असली तर १० टक्के सेवाशुल्क आणि ९ टक्के कर वेगळा लागतो. रात्री साडेदहा ते सकाळी सात सार्वजनिक जागी पिणं गुन्हा आहे, बाटली घेऊन फुटपाथवर बसू नका. पिणार नसाल तर लाउ पा सात बाजाराकडे चालत जा. संध्याकाळी सातनंतर शेजारची बून टाट स्ट्रीट गाड्यांना बंद होते आणि भर रस्त्यात कोळशावर साते (काडीला लावलेले मांसाचे तुकडे) भाजायला लागतात.

मेट्रो साधारण मध्यरात्री थांबते. बारानंतर मीटरच्या टॅक्सीला दीडपट भाडं पडतं, तेव्हा साडेअकराला स्टेशनची वाट धरा.