रपट्याजवळचं पाणी मोजायचं कसं

मेळघाटातल्या सिपना, गडगा, खापरा, डोलार, खंडू या नद्या शेवटी तापीलाच मिळतात, पण तापीच्या पुराचा अंदाज त्यांच्या काठच्या गावांना कामाचा नाही. सातपुड्याचा काळा पाषाण पाणी फारसं मुरू देत नाही, त्यात उतार उभा. वर डोंगरात कोसळलेला पाऊस मोठ्या नदीला काही तासांत गाठतो, लहान नाल्याला तर तासाच्या आत. गावात लख्ख ऊन आणि रपटा, म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा पूल, पाण्याखाली, हे म्हणूनच होतं.

केंद्रीय जल आयोगाच्या ‘फ्लडवॉच इंडिया’ अ‍ॅपवर मोठ्या नद्यांची पातळी दिसते. इशारा पातळी ओलांडली की पिवळा रंग, धोका पातळी ओलांडली की केशरी, आणि आजवरच्या सर्वांत मोठ्या पुराची पातळी गाठली की लाल. तिथला आकडा समुद्रसपाटीपासून मोजलेला असतो, नदीची खोली नव्हे. तीनशेच्या घरातला आकडा पाहून दचकू नका; कालच्यापेक्षा किती वाढला एवढंच पाहा. आपल्या नाल्यावर असं केंद्र नसतं, तेव्हा पातळी मोजायची पट्टी आपणच रंगवायची.

पट्टी कुठे आणि कशी

नदी निदान 30-40 मीटर सरळ वाहते अशी जागा शोधा. वळणावर नको, दोन धारा मिळतात तिथेही नको. जागेच्या थोडं खाली पात्रात आडवा पक्का खडक असेल तर उत्तम, कारण पाण्याची उंची तो खडक ठरवतो आणि खडक हलत नाही. नुसत्या गोट्यांच्या पात्रात प्रत्येक पुरानंतर तळ बदलतो आणि जुने आकडे वाया जातात.

पुलाचा खांब सोयीचा, पण कोणत्या अंगाला रंगवता याला महत्त्व आहे. समोरच्या अंगावर पाणी आपटून चढतं, मागच्या अंगाला खळगा पडतो. दोन्हीकडचा आकडा खोटा. प्रवाहाला समांतर असलेली बाजू घ्या, तीही काठावरून दिसणारी. पांढऱ्या ऑइल पेंटवर काळ्या रेघा, दर 2 सेंटिमीटरला बारीक आणि दर 10 सेंटिमीटरला जाड, आकड्यासकट. शून्य उन्हाळ्यातल्या सर्वांत खालच्या पाण्याच्याही खाली ठेवा, नाहीतर मे महिन्यात वजा आकडे लिहीत बसाल. खांब नसेल तर उतरत्या काठावर पायऱ्यांसारखे दोन-तीन खांब रोवा: पहिल्यावर 0 ते 1 मीटर, दुसऱ्यावर 1 ते 2. उतारावरच टेप टेकवून खुणा केल्या तर उंचीऐवजी तिरकी लांबी मोजली जाते. ही चूक फार होते.

पुराच्या वर राहील अशा खडकावर छिन्नीने एक खूण कोरा. ती पट्टीच्या शून्यापासून किती उंच आहे ते गवंड्याच्या लेव्हल पाईपने काढून वहीत लिहा. खांब कलला, पट्टी वाहून गेली, तरी या खुणेवरून शून्य पुन्हा सापडतं.

आकडा वाचताना पाणी एका जागी थांबत नाही. अर्धा मिनिट पाहा, लाटेची वरची आणि खालची टोकं धरा, मधला आकडा लिहा. पावसाळ्यात रोज सकाळी 8 वाजता, आणि पाणी चढायला लागलं की दर 15 मिनिटांनी. शेजारी वेळ लिहाच. ‘1.20’ या आकड्यात काही नाही, ‘7.15 ला 0.80, 7.30 ला 1.20’ यात सगळं आहे. पाव तासात 40 सेंटिमीटर म्हणजे ढोरं आणि मोटरपंप काठावरून लगेच वर न्यायचे, आणखी एका आकड्याची वाट पाहायची नाही.

पातळीवरून प्रवाह

पातळी उंची सांगते; प्रवाह म्हणजे सेकंदाला किती पाणी गेलं. त्यासाठी पात्राचा छेद आणि पाण्याचा वेग लागतो. पाणी गुडघ्याखाली असताना दोरी काठापासून काठापर्यंत ताणा, दर मीटरला खोली मोजा. सरासरी खोली गुणिले रुंदी म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ. कोरड्या नदीत हेच काम काठाच्या वरपर्यंत करून ठेवा, पुरात तोच नकाशा कामी येतो.

वेगासाठी तरंगणारं काहीतरी हवं. थर्माकोल आणि रिकामी बाटली नको, त्यांना वारा ढकलतो. बरंचसं बुडून थोडं वर राहील असं पाहिजे, आणि आपल्याकडे आंबिया बहाराच्या गळलेल्या संत्र्यांना काय तोटा! आधी बादलीत टाकून पाहा. बुडणारं फळ बाजूला ठेवा. काठावर 20 मीटर अंतराने दोन खुंट्या ठोका. संत्रं वरच्या खुंटीच्या 5-7 मीटर आधी सोडा, म्हणजे खुंटीपर्यंत ते पाण्याचा वेग पकडतं. मधल्या धारेत आणि दोन्ही बाजूंना, प्रत्येकी तीनदा. दगडाला अडकलेलं किंवा भोवऱ्यात फिरलेलं मोजू नका.

पाण्याचा वरचा थर सगळ्यांत जास्त पळतो, तळाचं पाणी घासत जातं, म्हणून मिळालेल्या वेगाला 0.85 ने गुणतात. गोट्यांच्या उथळ पात्रात 0.7 धरलेलं बरं. समजा रुंदी 12 मीटर, सरासरी खोली 0.5 मीटर: छेद 6 चौरस मीटर. संत्र्याला 20 मीटरला 25 सेकंद लागले: वेग 0.8. गुणिले 0.85 म्हणजे 0.68. प्रवाह 6 × 0.68, म्हणजे सेकंदाला सुमारे 4 घनमीटर, 4,000 लिटर. घनमीटरला 35.3 ने गुणलं की क्यूसेक, म्हणजे सेकंदाला घनफूट, इथे साधारण 144. धरणाच्या विसर्गाच्या बातमीत क्यूसेक आहे की क्यूमेक (सेकंदाला घनमीटर) ते आधी वाचा. गफलत झाली तर 35 पटींची.

वेगवेगळ्या पातळ्यांना अशी आठ-दहा मोजणी झाली की आलेख कागदावर पातळी उभी, प्रवाह आडवा मांडा. रेघ वाकडी येईल, कारण पातळी दुप्पट झाली की प्रवाह दुपटीपेक्षा बराच जास्त वाढतो. मोजलेल्या सर्वांत वरच्या बिंदूपुढे ती रेघ मनाने ओढू नका. पुरात पाण्यात उतरायचं नाही. वाहत आलेलं लाकूड दोन खुंट्यांमध्ये किती सेकंदांत जातं ते काठावरून मोजा.

आलेख फसतो तो बहुधा खालच्या अंगाने. रपट्याच्या नळ्यांत ओंडके आणि काटक्या तुंबल्या की प्रवाह तेवढाच असूनही पातळी चढते. मोठ्या नदीचा फुगवटाही तसाच. गडचिरोलीत भामरागडला इंद्रावती भरून आली की तिला मिळणाऱ्या पर्लकोटेचं पाणी पुढे सरकत नाही. पट्टी उंच आकडा दाखवते आणि धार मंद असते. अशा वेळी आलेख बाजूला ठेवून फक्त पातळी लिहा, शेजारी ‘फुगवटा’ अशी नोंद करा.

रपटा ओलांडायचा की नाही, याचा एक हिशोब आहे. खोली मीटरमध्ये, वेग मीटर प्रति सेकंदात, दोन्हींचा गुणाकार: धडधाकट माणसाला 0.6 च्या वर धोका, लेकरांना 0.4 च्या वर. 30 सेंटिमीटर पाणी 2 मीटरच्या वेगाने जात असेल तर 0.6 झालेच, आणि तेवढं पाणी लहान कारलाही उचलू शकतं. हा हिशोब पक्क्या, दिसणाऱ्या तळाचा. गढूळ पाण्याखाली रपट्याची कड खचली आहे का ते दिसत नाही, शेवाळावर पाय ठरत नाही. तेव्हा गुणाकार कमी आला तरी थांबा. लहान नाला दोन-तीन तासांत उतरतो. लागोपाठ तीन आकडे उतरते आल्याशिवाय पाणी उतरलं असं म्हणू नका. पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा आणि फेस येऊ लागला, तर पट्टी हलण्याआधीच वरून पूर निघाला आहे असं समजा.

पूर ओसरल्यावर झाडांच्या बुंध्यांना आणि काठाला काडीकचऱ्याची आडवी रेघ उरते. पुढच्या सरीने धुतली जाण्याआधी, दोन-तीन ठिकाणी, पेंटने खूण करून तारीख घाला. मग लेव्हल पाईप काढून पट्टीचं शून्य कोरलेल्या खुणेशी ताडून पाहा. फरक आला तर तो वहीत लिहा, जुने आकडे खोडू नका.