उखळी तोफ छात्रांना समजावून सांगताना

राष्ट्रीय छात्र सेनेच्या वर्गात पायदळाच्या उखळी तोफेवर, म्हणजे सैनिकांच्या बोलण्यातील मॉर्टरवर, अर्धा तास बोलण्याची वेळ आली की बहुतेक वक्ते नळीच्या व्यासापासून सुरुवात करतात. म्हापशातील एका महाविद्यालयात मीही तेच केले होते, आणि ५१, ८१, १२० हे आकडे फळ्यावर मांडून होईपर्यंत मागच्या बाकांवरची मुले पेंगू लागली होती. तेव्हापासून मी आकडे मागे ठेवतो आणि आधी एवढेच विचारतो की हे शस्त्र कोणाच्या ताब्यात असते. ते पायदळाच्या स्वतःच्या हाताशी असते, हे उत्तर एकदा मनात बसले की बाकीचे बरेचसे त्यातूनच उलगडते.

उत्तर लगेच देऊ नये. आधी मुलांना ठाऊक असलेल्या तोफांकडे वळावे. गोव्यातील रेइश मागूश किल्ल्याच्या तटावरील लांब लोखंडी तोफा मांडवीच्या मुखाकडे रोखलेल्या आहेत, कारण समोर दिसणाऱ्या गलबतावर जवळजवळ सरळ मारा करणे हेच त्यांचे काम होते. आता फळ्यावर एक टेकडी काढावी, अलीकडे आपली तुकडी आणि पलीकडे शत्रूचा खंदक दाखवावा आणि किल्ल्यावरची तोफ इथे काय करील, असे विचारावे. सरळ जाणारा गोळा टेकडीवर आदळेल, हे मुले स्वतःच सांगतात. मग ४५ अंशांहून अधिक कोनात वर जाऊन, टेकडी ओलांडून, पलीकडे जवळजवळ उभा खाली येणारा मार्ग खडूने काढावा. उखळी तोफेचे सारे महत्त्व त्या एका कमानीत आहे. ‘उखळी’ हे नाव का पडले, हे ज्याने आजोळच्या घरात जमिनीत बसवलेले व्हायन, म्हणजे उखळ, पाहिले आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

यानंतर रचना सांगावी: नळी, तिला पुढून आधार देणारा दुपायी घोडा, नेम धरण्याचे उपकरण आणि खालची तळपट्टी. यांपैकी तळपट्टीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो. मोठ्या तोफेत गोळा सुटताना मागे बसणारा धक्का शोषून घेण्यासाठी अवजड यंत्रणा असते; इथे तो धक्का तळपट्टीमार्गे थेट जमिनीत जातो, आणि म्हणूनच ही तोफ हलकी राहते. वर्गात घमेलेभर वाळू, एक छत्री आणि डब्याचे पत्र्याचे झाकण न्यावे. छत्रीचे टोक वाळूत दाबले की ती रुतत जाते. टोकाखाली झाकण ठेवले की थांबते. कठीण सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, मात्र उलट अडचण होते: जांभ्यावर पट्टी नीट बसत नाही, धक्क्यासरशी सरकते आणि नेम ढळतो. हे दोन मिनिटांचे प्रात्यक्षिक कोणत्याही तक्त्यापेक्षा जास्त लक्षात राहते.

इतिहास थोडक्यात आटपावा. पहिल्या महायुद्धातील खंदकांच्या लढाईने अशा शस्त्राची गरज निर्माण केली, १९१५ मध्ये विल्फ्रेड स्टोक्स या ब्रिटिश अभियंत्याने साधी, गुळगुळीत नळीची तोफ तयार केली आणि पुढे फ्रान्सच्या एडगर ब्रांट यांनी तिला आजचे रूप दिले.

आकडे आता काढावेत, पण मालकीसह. भारतीय पायदळात ५१ मिलिमीटरची लहान तोफ प्लाटूनच्या, म्हणजे छोट्या तुकडीच्या, पातळीवर वापरली गेली, ८१ मिलिमीटरची तोफ बटालियनच्या, म्हणजे अशा अनेक तुकड्यांच्या पलटणीच्या, मॉर्टर प्लाटूनकडे असते, तर १२० मिलिमीटरची तोफखान्याकडे. ८१ मिलिमीटरच्या तोफेचा पल्ला सुमारे ५ किलोमीटर धरावा. तोफखान्याच्या तोफा एकाच वेळी अनेकांच्या मागण्या पुरवत असतात. बटालियनच्या प्रमुखाला मात्र आपल्या मॉर्टरसाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. कारगिलमध्ये नाव बोफर्सचे झाले आणि ते योग्यच होते, पण डोंगराच्या पाठीमागच्या उतारावर उभा मारा करणाऱ्या शस्त्राचे मोल तिथे वेगळे पटवून द्यावे लागत नाही.

उणिवा लपवू नयेत. सैनिक ज्याला बॉम्ब म्हणतात, तो ८१ मिलिमीटरचा गोळा सुमारे ४ किलोचा असतो. मिनिटाला १५ बॉम्ब सुटले तर ६० किलो ओझे मिनिटात संपते, आणि ते कोणीतरी पाठीवरून आणलेले असते. शिवाय उंच कमानीमुळे बॉम्ब बराच वेळ हवेत राहतो. वारा त्याला ढकलतो आणि भारताच्या ‘स्वाती’सारखे रडार त्याच्या मार्गावरून तोफेची जागा शोधून काढते. त्यामुळे थोडा मारा करून लगेच जागा बदलावी लागते आणि अनेक सैन्यांनी १२० मिलिमीटरच्या तोफा चाकांच्या किंवा साखळ्यांच्या वाहनांवर चढवल्या आहेत.

शेवटी एक प्रश्न हमखास येतो: ड्रोन आल्यावर हिची गरज काय? माझे मत असे की ड्रोनने तिचे काम घेतले नाही, तिला डोळे दिले; टेकडीपलीकडे बॉम्ब कुठे पडला, हे आता निरीक्षक वरून पाहून सांगू शकतो. धुराचा पडदा उभारणे आणि रात्री पॅराशूटला लटकणारा प्रकाश सोडणे ही कामेही मॉर्टर स्वस्तात करते. एवढ्याने समाधान झाले नाही, तर जुलैच्या वाऱ्यापावसात ड्रोन उडवायला दूधसागर धबधब्यावर गेलेल्या एखाद्या छायाचित्रकाराला त्याचा अनुभव विचारण्यास सांगावे.