दुकानात काम करताना हात कापला तर

किराणा दुकानात किंवा मार्टमध्ये हात कापतो तो बहुतेक वेळा खोके उघडताना. कटरचं पातं बोथट झालं की माणूस जोर लावतो, मग ते सटकतं आणि खोका धरलेल्या डाव्या हाताच्या अंगठ्यात घुसतं, म्हणून पातं वेळेवर बदला, एकावेळी थोडंसंच बाहेर काढा आणि कापायची दिशा हातापासून लांब ठेवा. खोक्यावरची प्लास्टिक पट्टी ओढून तोडू नका. १५ किलोचा तेलाचा डबा फोडला की पत्र्याची कड आत वाकवायची, पक्कडीनेच हां, बोटाने नाही.

कापलंच तर नळाखाली धुवा, स्वच्छ कापड घट्ट दाबून १० मिनिटं हात वर धरा, मधेमधे उघडून बघू नका. हळद, चहापावडर तर अजिबात भरू नका, काका लोक सांगतीलच. रक्त थांबेना, बोट सुन्न पडलं किंवा वाकत नसेल तर सरळ डॉक्टरकडे जा, धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारा.

पगारातून ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) कापत असतील तर अपघाताची नोंद त्याच दिवशी करून घ्या, कारण कामावर लागलेल्या जखमेच्या सुट्टीत पगाराच्या ९०% पैसे मिळतात आणि शेठ नंतर लिहू म्हणाला की राहूनच जातं.