महिन्याच्या बजेटमध्ये सेंद्रिय घर कसं बसवावं

सेंद्रिय मालाच्या दुकानात जाऊन घरची सगळी यादी एका फटक्यात बदलली, तर किराण्याचं बिल एकदम फुगतं आणि थोड्याच महिन्यांत सगळं पूर्ववत होतं. चार माणसांच्या मध्यमवर्गीय घराला हे झेपवायचं असेल, तर पाकिटबंद मालाचं दुकान सगळ्यात शेवटी ठेवा. पैसा नेमका कशावर घालायचा हे आधी ठरवा, जमेल तेवढं थेट शेतकऱ्याकडून घ्या आणि बाकीचं घरी करा.

१. यादीवर खुणा करा

महिन्याची यादी समोर घ्या आणि प्रत्येक वस्तूपुढे दोन गोष्टी लिहा: ती घरात किती खाल्ली जाते आणि तिच्यावर फवारणी किती होते. वांग्यात शेंडा आणि फळ पोखरणारी अळी पडते, म्हणून त्याच्यावर वारंवार औषध मारलं जातं. फ्लॉवर, कोबी, भेंडी, हिरवी मिरची, ढोबळी मिरची आणि द्राक्षं यांचंही तसंच. जास्तीचे पैसे इथे घाला, कारण काही कीटकनाशकं झाडाच्या आत भिनतात आणि भाजी मिठाच्या पाण्यात कितीही वेळ बुडवली तरी ती निघत नाहीत.

याउलट रब्बीची ज्वारी जमिनीतल्या ओलाव्यावर वाढते. सोलापूर, मंगळवेढ्याकडची मालदांडी असो किंवा डोंगरउतारावरची नाचणी-वरी, या पिकांवर शेतकरी औषधांचा खर्च फारसा करतच नाही. शेवगा, आळू, केळफूल, फणस, कोकम यांचंही साधारण तेच. यांच्यासाठी चकचकीत पाकिटाची वाढीव किंमत मोजायची गरज नाही. आठवड्यातल्या गव्हाच्या चार दिवसांपैकी दोन दिवस भाकरीला दिले, तरी घरातली रसायनं कमी होतात आणि खर्च वाढत नाही. माझ्या मते सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक बदल हाच आहे.

२. धान्य वर्षाचं भरा, आणि चार-पाच घरांनी मिळून भरा

सेंद्रिय धान्य महाग पडतं त्यात वाहतूक, पॅकिंग आणि दुकानाचा नफा यांचा वाटा मोठा असतो. सोसायटीतल्या किंवा नात्यातल्या पाच-सहा घरांनी एकत्र मागणी केली, तर शेतकऱ्याला एका फेरीत पाच-सहा क्विंटल माल देणं परवडतं आणि भाड्याचा बोजा किलोमागे अगदी थोडा राहतो. पैसे आणि वजनाचा हिशेब एकाच व्यक्तीकडे द्या. मागणी आणि निम्मी रक्कम काढणीच्या आधीच ठरली, तर शेतकरी भावातही मोकळेपणाने बोलतो.

घ्यायची वेळ पाळा. तूर जानेवारी-फेब्रुवारीत, ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये, गहू मार्च-एप्रिलमध्ये आणि तांदूळ दिवाळीनंतर. मावळ-मुळशीची नवी इंद्रायणी चिकट होते, ती काही महिने मुरू द्यावी. गूळ हिवाळ्यात, गुऱ्हाळं चालू असताना घ्या. पिवळाधमक गूळ टाळा, कारण रंग उजळायला बऱ्याचदा हायड्रॉस नावाचं रसायन वापरतात. रानभेंडीच्या रसाने मळी काढलेला गूळ गडद तपकिरी दिसतो.

शेतकरी सेंद्रिय करतो म्हणाला म्हणजे झालं, असं नाही. खत काय घालता, तणाचं काय करता, शेजारच्या बांधावरून फवारा येतो का, हे विचारा. तणनाशकाच्या प्रश्नावर माणूस अडखळला की समजा. जमलं तर एकदा सगळ्या घरांनी मिळून शेतावर जाऊन या; मुलांनाही धान्य कुठून येतं ते दिसेल. प्रमाणपत्रं मुख्यतः दोन प्रकारची असतात. एनपीओपी या केंद्र सरकारच्या पद्धतीत बाहेरची संस्था तपासणी करते. पीजीएस-इंडियामध्ये शेतकऱ्यांचा गट एकमेकांची तपासणी करतो, त्यामुळे छोट्या शेतकऱ्याला ती परवडते. पाकिटावर सेंद्रिय प्रमाणपत्राचं अधिकृत चिन्ह आहे का ते पाहा. नुसत्या ‘नॅचरल’ किंवा ‘फार्म फ्रेश’ या शब्दांना तेवढं वजन देऊ नका.

इथे एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. रासायनिक शेती सोडून सेंद्रियकडे वळताना दोन-तीन वर्षं रूपांतराची जातात. त्या काळात उत्पादन घटतं आणि ‘सेंद्रिय’ म्हणून भावही मिळत नाही. पीजीएसमध्ये अशा मालाला ‘पीजीएस-ग्रीन’ म्हणतात. हा माल पूर्ण प्रमाणित मालापेक्षा बहुधा स्वस्त मिळतो, आणि तुमची खात्रीची मागणी त्या शेतकऱ्याला सगळ्यात जास्त याच वर्षांत हवी असते.

साठवणीत नासलं तर सगळी बचत गेली. धान्य कडक उन्हात वाळवा, पूर्ण गार होऊ द्या, मगच कोरड्या कोठीत भरा. तूरडाळीला एरंडेलाचा हलका हात लावा. तांदळात कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला. धान्यात बिब्बे टाकायची पद्धतही जुनी आहे, पण बिब्ब्याचं तेल अंगाला लागलं तर फोड येतात. घरात लहान मुलं असतील तर तो नकोच.

३. तेलाचं गणित स्वतः करा

लाकडी घाण्यावर एक किलो शेंगदाण्यांतून साधारण ४०० ग्रॅम तेल निघतं. म्हणजे किलोभर तेलाला अडीच किलो दाणे. दाणे १३० रुपये किलो धरले, तर नुसत्या दाण्यांचेच ३२५ रुपये झाले. त्यातून पेंडीची किंमत वजा करा आणि गाळणावळ मिळवा. कोणी ‘घाण्याचं शुद्ध तेल’ याहून फारच स्वस्त देत असेल, तर त्यात दुसरं काहीतरी मिसळलेलं असण्याची शक्यता आहे.

जवळ घाणा असेल तर दाणे घेऊन जा, समोर तेल काढून घ्या आणि पेंडही परत आणा. ती कुंड्यांना उत्तम खत आहे. तरीही हे तेल रिफाइंडपेक्षा महाग पडणारच. तो फरक भरून काढायचा मार्ग म्हणजे कमी वापरणं. माणशी दिवसाला २० ग्रॅम धरलं तरी चौघांना महिन्याला २.४ किलो पुरतं. तुमच्याकडे महिन्याला चार किलो लागत असेल, तर तळणाचा हिशेब बघा.

४. भाजी: ऋतू, रान आणि कुंडी

हंगामाबाहेरची भाजी महाग असते आणि तिला फवारणीही जास्त लागते. पावसाळ्यात टाकळा, कुरडू, फोडशी, भारंगी, कर्टुली येतात. ही कुणी पेरलेली नसतात आणि बाजारात आदिवासी बाया थेट विकायला बसतात. त्यांच्याशी घासाघीस करू नका. नवी भाजी घेताना शिजवायची रीत त्यांनाच विचारा. शेवळं ही रानभाजी काकडफळांशिवाय केली तर घशाला खाज सुटते, हे त्या नक्की सांगतील. शहरात शेतकरी आठवडे बाजार भरतो तिथेही नेहमीच्या एक-दोन जणांकडून भाजी घ्या. ओळख झाली की फवारणीबद्दल खरं उत्तर मिळतं.

आंब्याची पेटी कच्ची घ्या आणि घरी पेंढ्याच्या अढीत पिकवा. कार्बाइडने फळं पिकवायला कायद्याने बंदी आहे, पण खात्री घरच्या अढीचीच.

कुंड्यांत सगळी भाजी पिकवायच्या मागे लागू नका. गॅलरीत कोथिंबीर, कढीपत्ता, मिरची, पुदिना, गवती चहा आणि पालक एवढंच लावा, कारण थोडं-थोडं रोज लागणारं आणि विकत घेतल्यावर निम्मं वाया जाणारं तेच असतं. बियाणं गावठी घ्या म्हणजे पुढच्या वर्षी घरचंच बी धरता येतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री मिळाली ती अशीच गावठी बियाणी जपल्याबद्दल. खत ओल्या कचऱ्यातून करा: कचऱ्याच्या दुप्पट सुका पाला, वर मूठभर जुनं कंपोस्ट किंवा आंबट ताक. वास आला की पाला कमी पडलाय. पुण्यासारख्या काही महापालिका गांडूळखत, सौरऊर्जा किंवा पर्जन्यजल संधारण असलेल्या मिळकतींना करात सवलत देतात. आपल्या वॉर्ड ऑफिसमध्ये चौकशी करा.

५. सफाई आणि कापडं

लिंबू, मोसंबी, संत्र्याच्या सालींचं बायोएन्झाइम, म्हणजे साली आंबवून केलेलं सफाईचं पाणी, करा. एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, तीन महिने. बाटली प्लास्टिकची घ्या आणि पहिला महिनाभर रोज झाकण सैल करा, नाहीतर वायूच्या दाबाने ती फुटते. फरशी, सिंक, बाथरूमच्या टाइल्स यांना हे छान चालतं. आजारपणात जंतुनाशक म्हणून मात्र त्यावर विसंबू नका आणि ब्लीचमध्ये कधीच मिसळू नका. रेशमी आणि लोकरी कपड्यांना रिठा चांगला. तेलाचे हट्टी डाग त्याने निघत नाहीत, तिथे साबणच वापरा.

बाळाला घरात असताना सुती लंगोट आणि बाहेर जाताना डायपर, अशी वाटणी केली तरी डायपरचा खर्च बराच उतरतो. मासिक पाळीचा कप एकदाच थोडा महाग वाटतो, पण नीट उकळून वापरला तर अनेक वर्षं टिकतो.

६. वीज

जुना पंखा साधारण ७५ वॉटचा असतो, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या आसपास. दिवसाला १२ तास चालला तर महिन्याला १६ युनिट वाचतात. युनिटला ८ रुपये धरले तर सव्वाशे रुपये. स्वतःचं छप्पर असेल तर २०२४ मध्ये सुरू झालेली, छतावरच्या सौरऊर्जेसाठीची प्रधानमंत्री सूर्य घर योजना पाहा. ३ किलोवॉटच्या यंत्रणेला ७८,००० रुपये अनुदान आहे. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी पंख्यापासूनच सुरुवात करावी. सगळे एकदम बदलू नका. दिवसरात्र फिरतो तो आधी बदला, आणि पाहुण्यांच्या खोलीतला बंद पडेपर्यंत चालू द्या.