अपहाराच्या खटल्यात शिक्षा लागली, आता अपील कसं करायचं?

निकालपत्राच्या पहिल्या पानावर न्यायालयाचं नाव बघा, पुढचं सगळं त्यावरून ठरतं. ग्रामसेवकाच्या अपहाराचा खटला (जुन्या भारतीय दंड विधानाचं कलम 409, आता भारतीय न्याय संहितेचं 316(5)) तालुक्याच्या दंडाधिकाऱ्यांपुढे चालला असेल, तर अपील सत्र न्यायालयात, मुदत 30 दिवस. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली विशेष न्यायाधीशांनी शिक्षा दिली असेल तर थेट उच्च न्यायालयात. जळगाव, धुळे, नंदुरबारसाठी म्हणजे औरंगाबाद खंडपीठात, मुदत 60 दिवस.

घोळ होतो तो नकलेपाशी. निकाल 1 जुलैचा, तर 60 दिवस 30 ऑगस्टला संपतात. सही-शिक्क्याच्या नकलेचा अर्ज 3 जुलैला दिला आणि नक्कल 10 जुलैला तयार झाली, तर ते 8 दिवस वजा होऊन मुदत 7 सप्टेंबरपर्यंत जाते. तयार नक्कल महिनाभर नेलीच नाही, तर तो महिना मात्र तुमच्याच खात्यात.

शिक्षा 3 वर्षांपर्यंत असेल आणि आरोपी जामिनावर होता, तर त्याच न्यायालयात, त्याच दिवशी शिक्षेला स्थगितीचा अर्ज द्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, कलम 430(3)). निकाल संध्याकाळी लागतो, जामीनदार गावी असतो, आणि रात्र तुरुंगात जाते; म्हणून जामीनदार सातबारा, आधारसह सकाळपासूनच आवारात हवा. दंडाला स्थगिती वेगळी मागा. जळगावच्या घरकुल योजनेतल्या घोटाळ्याच्या प्रकरणात 2019 साली धुळ्याच्या विशेष न्यायालयाने एकाला 100 कोटींचा दंड ठोठावला होता, तेव्हा ही बाब किरकोळ समजू नका.

शिक्षा थांबली म्हणजे नोकरी वाचली, असं नाही. दोषसिद्धी, म्हणजे दोषी ठरवल्याचा निर्णय, उभीच असते आणि तिच्या जोरावर खातं चौकशीशिवाय बडतर्फ करू शकतं (घटनेचं कलम 311). दोषसिद्धीलाच स्थगिती क्वचित मिळते.

आता अपिलाचे मुद्दे. ‘साक्षीदार खोटं बोलले’ यात काही दम नाही. रक्कम आरोपीकडे सोपवल्याचं कोणत्या निशाणीवरून (न्यायालयाने क्रमांक दिलेल्या पुराव्याच्या कागदावरून) दिसतं? रोकडवहीतली सही कोणी ओळखली? चेकवर सरपंच आणि ग्रामसेवक दोघांच्या सह्या असतील, तर बँकेतून पैसे कोणी उचलले? लेखापरीक्षक साक्षीला आला, की नुसता अहवालच दाखल झाला? न्यायालयाने घेतलेल्या आरोपीच्या जबाबात (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 313) एखाद्या पुराव्याबद्दल विचारलंच नसेल, तर ते ठळक मांडा. खटला भरायला वरिष्ठांनी दिलेल्या मंजुरीतल्या चुकीवर मात्र फार विसंबू नका. तिच्यामुळे अन्याय झाला हे दाखवावं लागतं. पैसे भरले म्हणून गुन्हा पुसला जात नाही, पण शिक्षा कमी करून मागताना पावती जोडाच.

आरोपी तुरुंगातच असेल, तर अपील तुरुंग अधीक्षकांकडे देता येतं. कोठडीतल्या माणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही.