उमेदवारांना एका मंचावर बोलावताय? मग या चुका टाळा

पालिकेची निवडणूक लागली की खान्देशात प्रत्येक तालुक्याच्या गावी कुठलं ना कुठलं मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ नाहीतर वाचनालय सगळ्या उमेदवारांना एकत्र बोलावतं. फार चांगलं काम आहे हे. पण दरवेळी त्याच चुका बघून आता लिहायलाच बसलो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे माईक गर्दीत सोडणं. आमच्या पहिल्याच कार्यक्रमाला देवळासमोर मांडव टाकला, लोक चांगले जमले, बायका पण पुढे येऊन बसल्या, आणि आम्ही उत्साहात म्हटलं विचारा कोणाला काय विचारायचं ते. पहिला माईक गेला एका उमेदवाराच्या पोराकडे, त्याने प्रश्न विचारलाच नाही, आपल्या भाऊंनी काय काय केलं त्याचं भाषण सुरू केलं, मग दुसऱ्या बाजूने शिट्ट्या, मग खुर्च्या सरकल्या, आणि मागे एक आजी कधीपासून हात वर करून बसलेल्या, त्यांना एवढंच विचारायचं होतं, "आमना वार्डमा पानी कव्हय ई, ते सांगा भाऊ." त्यांच्यापर्यंत माईक पोचलाच नाही. त्या उठून घरी गेल्या ते मला अजून दिसतं.

तेव्हापासून मी चिठ्ठीशिवाय कार्यक्रम करत नाही. दारातच कोरा कागद आणि पेन, ज्याला लिहिता येत नाही त्याचा प्रश्न आमचा पोरगा लिहून घेतो. दोन जण बसून सारखे प्रश्न एकत्र करतात, आणि एकच प्रश्न सगळ्यांना, प्रत्येकी दोन मिनिटं. वेळेला शाळेतली पितळी घंटा. मोबाईलचा अलार्म कोणी ऐकत नाही, घंटा वाजली की माणूस थांबतोच. नवीन पोरं म्हणतात एवढं कशाला, व्हॉट्सॲपवर प्रश्न मागवू. मागवा, पण ज्या आजीकडे साधा फोन आहे तिचं काय?

दुसरी चूक, नगरसेवकाला कापसाचा भाव विचारणं. हमीभाव केंद्र ठरवतं, त्यात नगरसेवकाचा काय संबंध? उमेदवाराला मात्र असा प्रश्न फार आवडतो, कारण त्यावर कितीही बोललं तरी उद्या कोणी जाब विचारणार नाही. गटार, कचरा, दिवाबत्ती, घरपट्टी, नळाचं पाणी, हे पालिकेचं काम, हेच विचारा. मी आधी पालिकेचं बजेट मिळवून बसतो आणि त्यातलाच आकडा समोर ठेवतो, पाणीपुरवठ्याला एवढे धरले होते, मग पाणी इतक्या दिवसाआड का? मग गोल गोल उत्तर देता येत नाही. उमेदवारी अर्जासोबतचं शपथपत्र पण बघून घ्या, गुन्हे, मालमत्ता, शिक्षण सगळं त्यात असतं आणि ते कोणालाही बघता येतं.

आणि एक गोष्ट मला मनापासून खटकते. महाराष्ट्रात 2011 पासून निम्म्या जागा महिलांच्या, तरी ताई खुर्चीत आणि उत्तरं द्यायला दादा उभे. आमच्याकडे नियम एकच, मतदान यंत्रावर ज्याचं नाव तोच बोलेल. एकदा एक ताई सुरुवातीला चाचरल्या, नवरा मागून उठायला लागला, त्याला हात धरून खाली बसवला. नंतर त्याच ताईंनी गल्लीतल्या तुंबलेल्या गटाराचा उतार कुठे चुकलाय ते इतकं नीट सांगितलं की बाकीचे गप्प झाले.

बाकीचं थोडक्यात. अपक्षांना विसरू नका, ते पण उमेदवारच. खुर्च्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. मांडव, चहा, नाश्ता, कशाचाच पैसा उमेदवाराकडून घेऊ नका, वर्गणी काढा, नाही जमली तर चहा देऊ नका. पोलीस आणि निवडणूक कार्यालयाची परवानगी आधी, तोंडी नाही, लेखी. भोंगा रात्री दहाला बंद. प्रमुख पाहुणे, शाल-श्रीफळ अजिबात नको, अर्धा तास त्यातच जातो.

एका प्रभागात दोन जागा असतील आणि नगराध्यक्षही थेट निवडायचा असेल तर मतं तीन द्यायची असतात, हे सुरुवातीलाच माईकवरून सांगा. गेल्या खेपेला कार्यक्रम संपल्यावर चार जणांनी मला हेच विचारलं.